ओसरीची वही घेऊन जबलपूरला

जबलपूरला जाऊन आले. आमच्या पुऱ्यातून, म्हणजे गावाच्या या टोकाच्या वस्तीतून, तिकडे कोणी गेलेलं नाही, म्हणून आल्या दिवशीच चार बायका विचारायला आल्या. मी म्हटलं, "बरं आहे गाव. नर्मदा मोठी आहे." एवढं सांगून चहा ठेवायला आत गेले ते त्या उठेपर्यंत बाहेर आले नाही. समोर माणूस असलं की माझे शब्द आत पळतात आणि माणूस गेलं की एकेक करून बाहेर येतात. त्यांना जे सांगायचं राहिलं ते इथे लिहून ठेवते.

तिकडे माझी भाची पल्लवी राहते, बहिणीची मुलगी. गावोगावी ज्या योजना चालतात त्यांनी खरंच कोणाचं काही भलं झालं का, हे तपासण्याची तिची नोकरी आहे. ऑफिसने तिला एका वर्गाला घातलं होतं. शेवटच्या दिवशी प्रत्येकाने एक खरं उदाहरण सोडवून दाखवायचं होतं. तिचा फोन आला, "मावशी, तुझी ओसरीची वही घेऊन इकडे ये. दुसऱ्या कोणाजवळ असं काही नाही."

मी चौथीपर्यंत शिकले. लग्नानंतर ओसरीत बसून निवडणं-टिपणं करताना शेजारची लहान मुलं जवळ येऊन बसायची. त्यांना गाणी म्हणून दाखवता दाखवता अक्षरं, आकडे शिकवू लागले. रोज सकाळी दोन तास, आणि त्याला वीस वर्षं झाली. वहीत त्यांची नावं आहेत. जी कधी ओसरीत आली नाहीत त्यांचीही आहेत, कारण संक्रांतीला पुऱ्यातल्या प्रत्येक लहान मुलाला मी तिळगूळ पाठवते आणि कोणी सुटू नये म्हणून नाव लिहून ठेवते. पुढे ते मूल चौथी ओलांडून गेलं की नावापुढे बरोबरची खूण करते. चौथीच का, ते माझं मलाच माहीत.

यंदा गावाच्या त्या टोकाला नवी अंगणवाडी झाली. सून म्हणाली, "आई, तुमचे गुडघे दुखतात. आता ओसरी मोकळी करा, मी शिलाई मशीन ठेवते." तिचं म्हणणं वाईट नव्हतं. मी मनाशी ठरवलं की पल्लवीला वही दाखवू. ओसरीने काही झालं नसेल तर आल्याबरोबर मशीन ठेवून देऊ. हे पल्लवीला सांगितलं नाही. विचारायची छाती होत होती, उत्तर ऐकायची होत नव्हती.

मंगळवार, गोरखपूर

जबलपुरातल्या एका वस्तीचंही नाव गोरखपूर आहे, पल्लवीचं घर तिथेच. जावई कामावर परगावी होते. घरी ती आणि तिच्या सासूबाई, शालिनीबाई. हे लोक किती पिढ्यांपासून तिकडे आहेत ते त्यांनाही नीट सांगता येत नाही. मराठी आपल्यासारखीच, फक्त मध्ये मध्ये हिंदी पाहुणी येऊन बसते.

"अरे, आल्या! चलो, आधी बसा. काहून उभ्या राहून राहिल्या जी? घर आपलंच आहे."

मी बसले. पुढचा अर्धा तास शालिनीबाई बोलल्या. तेवढ्यात भाजीवाल्या भैयाशी भांडल्या, त्याच्या मुलीच्या लग्नाची चौकशी केली, वरच्या मजल्यावरच्या बाईला ओरडून आमटीची कृती सांगितली आणि मला तीन वेळा विचारलं, "अच्छा, तुम्ही काहीच बोलत नाही?" उत्तर द्यायला जागा असती तर दिलं असतं.

बुधवार

सकाळी पोहे आणि जिलबी एकाच ताटलीत आली. आपल्याकडे पोह्यांवर तर्री घेतात, तिखट रस्सा. तिकडे पोह्यांचा घास आणि जिलबीचा तुकडा. खव्याची काळपट जिलबी असते तिकडे. मला वाटलं करपली, म्हणून कोणाला वाईट वाटू नये अशा बेताने बाजूला सारली. शालिनीबाईंनी पाहिलं. "दीदी, ती करपलेली नाही, तशीच असते. इथला मान आहे तो." खाल्ली. मान राखण्यासारखी आहे.

मग पल्लवीने जुन्या कॅलेंडरच्या चिठ्ठ्या कापल्या. एकेका मुलाची एक चिठ्ठी. वर लिहायचं वडील काय करतात, आई किती शिकली, मोठं भावंड शाळेत जातं का, घर ओसरीपासून किती लांब. वहीत नव्हतं ते माझ्या डोक्यात होतं. चिठ्ठीच्या मागच्या बाजूला खूण : चौथीच्या पुढे गेलं की नाही. ओसरीतल्यांचा एक ढीग केला, बाहेरच्यांचा दुसरा.

पल्लवीने मागच्या बाजू मोजल्या. ओसरीतली बहुतेक सगळी पुढे गेली होती आणि बाहेरची निम्मीसुद्धा नाही.

मी पदर सारखा केला.

"मावशी, फुगू नको."

"मी कुठे फुगून राहिली?"

"पदर फुगून राहिला. हे दोन ढीग सारखे आहेत का, ते आधी पाहू. तुझ्याकडे मुळातच पुढे जाणारी मुलं आली असतील तर त्यात ओसरीचं काय?"

त्या दुपारी मला भाची थोडी आवडली नाही.

गुरुवार, ग्वारीघाट

ग्वारीघाट नर्मदेवर आहे. पायऱ्यांवर फुलं, दिवे, पूजेचं सामान विकणारे बसलेले, गुरुजी आपापल्या छत्रीखाली, नावाडी हाका मारतायत. नर्मदेचं पाणी पाहून मी उगाच पदर डोक्यावर घेतला. कोणी मोठं माणूस समोर आल्यासारखं वाटलं.

नावाड्याशी शालिनीबाईंनी असं बोलणं लावलं की नाव मध्यावर जाईपर्यंत त्याच्या घरातली सगळी माणसं आम्हाला माहीत झाली. उतरताना तो त्यांना "अम्मा" म्हणत होता.

घाटावर गक्कड-भर्ता खाल्लं. गोवऱ्यांवर भाजलेले कणकेचे गोळे, वांग्याच्या भरताबरोबर. म्हणजे आपले रोडगेच की. मी हळूच म्हटलं, "आमचे रोडगे जास्त चांगले लागतात."

पल्लवी वाटच पाहत होती. "रोडगे तू कधी खातेस?"

"देवाला जातो तेव्हा."

"उपाशी, पायी चालून, दुपार कलल्यावर. हो ना? आणि आज पोहे-जिलबी खाऊन दोन तासांत गक्कड खाल्लं. मग चव रोडग्याची की भुकेची? आधी दोन्हीकडची भूक सारखी कर, मग सांग कोण चांगलं."

"म्हणजे मी पुन्हा उपाशी राहून येऊ?"

"नाही. तितकीच भूक लागलेला असताना ज्याने गक्कड खाल्लं असा माणूस शोधायचा. तुझ्याशी त्याची जोडी लावायची. माझा वर्ग तेच शिकवून राहिला पंधरा दिवस."

"आणि त्यासाठी फी घेतात?" शालिनीबाईंनी विचारलं.

निघताना माझ्या चपलांत एक माझी नव्हती. कोणी बाई एक तिची ठेवून माझी एक घालून गेली होती. ती चार पायऱ्यांवर दिसतसुद्धा होती. हाक मारायची एवढंच काम. माझ्याने झालं नाही. ती रिक्षात बसून गेली आणि मी एक तपकिरी, एक काळी घालून घरी आले. दारात पल्लवीने पाहिलं.

"वा! जोडी कशी लावलीस ही? मापाला जवळ आहे, रंगात पुष्कळ फरक. सर घेणार नाहीत."

शुक्रवार

जोड्या लावायचा दिवस. ओसरीतल्या प्रत्येक मुलासाठी बाहेरच्या ढिगातून त्याच्यासारखंच मूल शोधायचं : तसंच घर, तशीच शिकलेली आई, तसंच अंतर. चिठ्ठ्यांच्या खुणा खाली, कारण शेवट पाहून जोडी लावायची नाही असा नियम. मी लावायला बसले. माझ्या जोड्या भराभर जमल्या. पल्लवी थोडा वेळ पाहत राहिली.

"मावशी, प्रत्येक वेळी बाहेरचं जे मूल शाळा सोडून गेलं तेच कसं उचलतेस?"

"मला काय माहीत? खुणा तर खाली आहेत."

"तुला वीस वर्षांच्या खुणा पाठ आहेत."

होत्या. मी मुद्दाम केलं नव्हतं, पण हात आपोआप तिकडे जात होता. त्यात शालिनीबाईंनी आत येऊन "किती उकडून राहिलं" म्हणत पंखा पाचवर केला आणि सगळी मुलं खोलीभर उडाली. काही सोफ्याखाली गेली. निम्म्यांच्या खुणा वर.

पल्लवीने कपाळाला हात लावला आणि मग तिला काहीतरी सुचलं. "आई, आता तुम्हीच लावा जोड्या. तुम्ही एकाही मुलाला ओळखत नाही. खुणा पाहायच्या नाहीत."

"मी? चलो." त्यांनी चष्मा लावला. चिठ्ठ्या पुन्हा उडू नयेत म्हणून पल्लवीने देवघरातल्या सुपाऱ्या आणल्या. "मोजून परत ठेवा," शालिनीबाई म्हणाल्या, "पूजेच्या आहेत."

काही मुलांना जोडीच मिळाली नाही. शाळेतल्या गुरुजींच्या मुली, पाटलांचा नातू. तसं एकही मूल ओसरीबाहेर नव्हतंच. पल्लवीने त्या चिठ्ठ्या बाजूला ठेवल्या. त्यात गुरुजींची तेजू होती, जी आता नर्स आहे. पुऱ्यात ओसरीचं नाव निघालं की आधी तिचं नाव निघतं.

"तेजूला काहून काढलं?"

"तिच्यासारखी दुसरी बाहेर दाखव, लगेच आत घेते."

दाखवता आली नाही. नर्स सोफ्यावर जाऊन बसली.

शालिनीबाई मात्र नुसत्या जोड्या लावणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी दोन चिठ्ठ्या समोरासमोर धरल्या. "अच्छा, ह्या दोन पोरी. दोघींचे बाप मजूर, दोघींच्या आया दुसरी शिकलेल्या, घरं लागून. सगळं सारखं. मग एक तुमच्याकडे आली, एक नाही आली. काहून?"

मी चिठ्ठ्या पाहिल्या. "हिची आई हात धरून घेऊन आली. म्हणाली, बसवून घ्या."

"आणि तिची?"

"ती नाही आली."

"तुम्ही नाही बोलावलं?"

पंखा बंद होता. मी पदराने वारा घेतला.

"मी कोणाच्या दारात जात नाही," मी म्हटलं. "तिळगूळसुद्धा दुसऱ्यांच्या हाती पाठवते."

"वीस वर्षं?"

"हो."

 पल्लवीने पेन खाली ठेवलं, मग पुन्हा उचललं. "म्हणजे मावशी, तुझ्याकडे धीट आयांची मुलं आली आणि बुजऱ्या आयांची घरी राहिली. आई धीट असेल तर ती शाळेतही जाईल, गुरुजींशी भांडेल, पोरीला घरी बसवू देणार नाही. ते मूल ओसरी नसती तरी पुढे गेलं असतं."

ते मला आवडलं नाही, पण खोटं ठरवायला एकही नाव सुचेना.

तिने प्रत्येक चिठ्ठीवर एक नवी गोष्ट माझ्याकडून लिहून घेतली : आई धीट की बुजरी. पुऱ्यातली प्रत्येक बुजरी बाई मला ठाऊक आहे. आम्ही विहिरीवर एकमेकींना पाहून हसतो आणि बोलत नाही. शालिनीबाईंनी पुन्हा जोड्या लावल्या, आता धीट आईच्या मुलासमोर धीट आईचंच मूल. मग त्या जोड्यांच्या चिठ्ठ्या उलटल्या.

फरक जवळजवळ राहिलाच नाही. धीट आयांची मुलं इकडेही पुढे गेली होती आणि तिकडेही.

मी उठून स्वयंपाकघरात गेले. मशीन कुठे ठेवायची ते मनात ठरलंसुद्धा, खिडकीजवळ, उजेडाला.

"मावशी, थांब. अर्धंच झालं." पल्लवी मागे आली. "बुजऱ्या आयांची मुलं तुझ्या ओसरीत किती होती?"

चार. एकाला त्याची आजी घेऊन आली होती. दोघं भावंडं बकरीच्या मागे आली आणि बकरी गेली तरी बसून राहिली. आणि एक कमल, एवढीशी, काडीसारखी, कोणाबरोबर आली ते मला आजही माहीत नाही. ती फक्त खांबाला धरून उभी असायची.

पल्लवीने मला परत आणून खाली बसवलं. "पुऱ्यात अशी मुलं पुष्कळ, ओसरीत चारच. तेव्हा ही चौघं त्या सगळ्यांच्या वतीने बोलून राहिली. त्यांना एकेक धरायचं नाही, जास्त वजन द्यायचं. ज्याची येण्याची शक्यता कमी आणि तरी आलं, त्याचं वजन मोठं. धीट आयांची ओसरीत गर्दी, त्यांचं वजन जेमतेम एक. बाहेर उलटं, तिथे धीट आयांची मुलं कमी, म्हणून तिथे त्यांना जास्त." आणि तिने चिठ्ठ्यांवर सुपाऱ्या मांडल्या. ओसरीतल्या धीट आईच्या मुलावर एक. कमलच्या चिठ्ठीवर पाच.

"जी सगळ्यांत बारीक होती तिच्यावर पाच?" मी म्हटलं.

"तिच्यावरच."

चौघांच्या चिठ्ठ्या उलटल्या. तिघं चौथीच्या पुढे गेले होते. कमलच्या चिठ्ठीवर माझ्याच हातची खूण होती. बाहेरच्या, तशाच आयांच्या मुलांत खुणा अगदी थोड्या.

"म्हणजे उपयोग झाला?" हे मी मोठ्याने विचारलं. मला वाटतं शालिनीबाईसुद्धा दचकल्या.

"चार मुलांवरून छाती ठोकून सांगता येत नाही. आणखी एकाने जरी शाळा सोडली असती तरी सगळं उत्तर हललं असतं, त्याच्यावर वजन किती आहे पाहिलंस ना. झाला असेल तर त्यांचाच झाला असेल, एवढं म्हणू शकते." मग ती हसली. "तू दुकान चांगलं काढलंस मावशी. फक्त ज्यांच्या घरी भरलेलं होतं त्यांनाच विकत राहिलीस."

शालिनीबाईंनी सुपाऱ्या मोजल्या. एक कमी भरली. ती माझ्या मुठीत होती.

शनिवार, नेपियर टाउन

वर्ग नेपियर टाउनमध्ये, दवाखान्यांच्या आणि कोचिंगच्या पाट्यांच्या गर्दीत, एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर. मला मागच्या बाकावर बसवलं. पायात नव्या चपला होत्या, शालिनीबाईंनी घेऊन दिलेल्या, दोन्ही एकाच रंगाच्या.

पल्लवीने सगळं हिंदीत मांडलं. तिचे सर उंच, सावकाश बोलणारे. त्यांनी विचारलं, "यह 'माँ का संकोच' वाला कॉलम आपको कैसे सूझा? किसी फॉर्म में तो होता नहीं।"

पल्लवीने माझ्याकडे बोट केलं. तीस माणसं वळली. तीस! मी पदर तोंडापाशी नेला. वाटलं, हसून मान हलवावी, नेहमीसारखं. मग कमलवरच्या पाच सुपाऱ्या आठवल्या.

"मैं किसी के दरवाजे नहीं जाती थी," मी म्हटलं. "जो आई, उसीको लिया।"

कोणी हसलं नाही. सरांनी ते वाक्य फळ्यावर लिहिलं, जसंच्या तसं. खाली रेघ ओढली. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी स्वतः मला समोसा आणून दिला आणि म्हणाले की त्यांच्याकडे मोठमोठे कागद येतात, पण लोक आले कसे हे कोणी लिहीत नाही. मी समोसा पूर्ण खाल्ला. 

परत

गाडीत चढवताना शालिनीबाई म्हणाल्या, "दीदी, आता बोलायला लागल्या आहात तर फोन करत जा जी." पल्लवी खिडकीशी आली, तेव्हा मी तिला मशीनचं आणि ओसरीचं सांगितलं. ती म्हणाली, "मग काहून नाही सांगितलंस? मी थोडं सांभाळून बोलली असती."

"म्हणूनच नाही सांगितलं."

"आता काय करशील?"

"पाहू."

"नवी मुलं बोलावणार असशील तर चिठ्ठ्या टाकून ठरव कोणाला बोलवायचं. मग दहा वर्षांनी मला जोड्या लावाव्या लागणार नाहीत, सरळ मोजता येईल."

"आणि जिची चिठ्ठी निघणार नाही तिचं काय?"

तिला उत्तर द्यायचं होतं, पण गाडी सुटली. पहिल्यांदाच ती माझ्यापुढे गप्प झाली, आणि तेही रेल्वेच्या कृपेने.

मशीन खिडकीकडे ठेवली. दाराकडची बाजू मोकळी आहे. सून म्हणाली, "बसतील दोघंही." सकाळी मी नव्या चपला घातल्या आणि विहिरीपलीकडे गेले. तिथे सुमन राहते. पाच वर्षं झाली लग्न होऊन, तिचा आवाज मी अजून ऐकलेला नाही आणि तिने माझा. तिची पोरगी चार वर्षांची.

दाराशी जाऊन उभी राहिले. कडी वाजवायला हात उचलला आणि खाली आणला. दोनदा. आतून बांगड्यांचा आवाज आला, म्हणजे तीही दारामागे उभी होती. आम्ही दोघी दाराच्या दोन बाजूंना बराच वेळ उभ्या राहिलो. शेवटी मी कडी वाजवली.

दार थोडं उघडलं. सुमनने मला पाहिलं, माझ्या मागे कोणी आहे का ते पाहिलं. "पोरीला घेऊन जायला आली," मी म्हटलं. "ओसरीत." ती आत वळली, पोरीचा चेहरा ओल्या हाताने पुसला आणि तिची चप्पल शोधू लागली. एकच सापडत होती.

"राहू दे," मी म्हटलं, "एकावर चालेल," आणि पोरीला कडेवर घेतलं.

वहीत तिचं नाव तिळगुळापासून होतंच, आता त्यापुढे लिहिलं : वडील, घर, अंतर, आई बुजरी. शेवटी एक नवा रकाना आखला, कशी आली त्याचा. त्यात लिहिलं : मी गेले होते.